धरायचं किती

एप्रिल उजाडला की आमच्या गाळ्याचा पत्रा सकाळी साडेदहाच्या सुमाराला वाजायला लागतो. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, टक्. उन्हानं पत्रा पसरू बघतो, स्क्रू त्याला पसरू देत नाहीत, आणि त्या दोघांचं भांडण आम्ही खाली बसून ऐकतो. नव्या माणसाला वाटतं, वर मांजर चालतंय. मला त्या आवाजाबरोबर शिवणीच्या लाकडाचा भुसा आठवतो. घामावर चिकटलेला, मानेवर, कोपराच्या खळीत, चहाच्या कपाच्या काठावर, आणि घरी जाऊन आंघोळ केली तरी कानामागं उरलेला.

आज सकाळी यंदाचा पहिला टक् झाला. मी मशीनचं बिट, म्हणजे कोरायचं पातं, बदलत होते. पाना तसाच हातात राहिला आणि मी दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात जाऊन बसले. तसं पाहिलं तर त्या उन्हाळ्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. लग्नाचे पाट कोरले, त्यातले दोन बिघडवले, आणि आईशी वाईट वागले. पण दर एप्रिलला मी तिथं एक चक्कर मारून येते. कुणी बोलावत नाही, मीच जाते.

गाळा डोंबिवली पूर्वेला, मानपाड्यात. ठाण्यात घोडबंदर रोडला आणखी एक मानपाडा आहे, आणि आमचं निम्मं गिऱ्हाईक आधी तिकडं जाऊन येतं. फोन येतो, "मॅडम, मी मानपाड्यात उभाय, तुमचा गाळा दिसत नाही." मी विचारते, "समोर काय दिसतंय?" तो म्हणतो, "फ्लायओव्हर आणि मोठमोठे टॉवर." मग मी सांगते, आधी कुठंतरी बसून चहा घ्या, अजून बराच रस्ता आहे. आमच्या मानपाड्यात टॉवर येतायत, पण गाळ्यांच्या ओळी अजून टिकून आहेत. माझ्या एका बाजूला पावडर कोटिंगवाला, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची झाकणं बनवणारा, मधे मी. संध्याकाळी वारा पडला की केमिकल कंपन्यांचा आंबूस वास खाली उतरतो. त्याच वासात कोपऱ्यावर एक मावशी ताडगोळे सोलत बसते, आणि ताडगोळे तरीही गोडच लागतात.

माझं मशीन लाकडावर नक्षी कोरतं. गरगर फिरणारं एक बारीक पातं वरून खाली येतं, कॉम्प्युटर सांगेल तसं इकडंतिकडं जातं, आणि लाकडातून वेल, कलश, मोर, माणसांची नावं बाहेर काढतं. त्याआधी वीस वर्षं मी एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात यंत्रांचे नकाशे काढले. कंपनी गुजरातला गेली, मी गेले नाही. हे सेकंडहँड मशीन घेतलं आणि वाटलं, झालं आपलं काम. नकाशा मला येतो, कोरायचं काम मशीनचं, मधे फक्त एक बटण. मी स्वभावानं अशीच आहे. जे मोजता येतं ते मला कळलं, असं मी धरून चालते.

पहिल्याच आठवड्यात एक फळी मशीनवरून उडाली आणि माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळली. तेव्हा लक्षात आलं की या मशीनला एकच हात आहे, कोरणारा. सुतार उजव्या हातानं पटाशी चालवतो तेव्हा त्याचा डावा हात, गुडघा, कधी पायाचा अंगठासुद्धा लाकूड धरून बसलेला असतो. आपण नक्षीचं कौतुक करतो, त्या अंगठ्याकडं कोण बघतं? मशीनला तो अंगठा नाही. तो आपण बनवून द्यायचा. त्यालाच जिग म्हणतात. लाकडाच्या तुकड्याला मशीनवर बसायला केलेली बैठक म्हणा. पाटाची बैठक वेगळी, देव्हाऱ्याच्या कमानीची वेगळी, दारावरच्या पाटीची वेगळी. एकदा बैठक जमली की कोरणं हे उरलेलं काम.

हे मला शिकवलं सपकाळे काकांनी. आम्ही पूर्वी ठाण्याला वर्तकनगरच्या कॉलनीत राहायचो, तेव्हाचे ते शेजारी. आई त्यांना भाऊजी म्हणते, ते तिला वहिनी. त्यांनी आयुष्यभर एका कारखान्याच्या टूलरूममध्ये जिगच बनवले, लोखंडाचे. रिटायर झाल्यावर घरात बसून काकूंच्या डब्यांना लेबलं लावायला लागले, तेव्हा काकूंनीच त्यांना माझ्याकडं पिटाळलं. आठवड्यातून तीन दिवस बसनं यायचे. पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन्सिल, चष्म्याला दोरी. एप्रिलात, आंबेडकर जयंतीच्या दिवसांत, हातात कॉलनीतल्या बुंदीचा पुडा, तो आईसाठी. आल्या आल्या मशीनच्या बेडवर, म्हणजे लाकूड ठेवायच्या सपाट तक्त्यावर, तळहात फिरवायचे, आजारी माणसाचं कपाळ बघावं तसा.

"बाय, धरायचे तीन टप्पे," ते म्हणाले होते. "आधी टेकू, मग जागा, मग दाब. लोक दाबापासून सुरू करतात. तिथंच वाट लागते."

मी त्या लोकांपैकीच होते.

त्या वर्षी लग्नसराई जोरात होती. मी स्वतः लग्न केलं नाही. तो विषय आमच्या घरात कधीच मिटला, आईनंच एका रविवारी मिटवला. पण माझ्या मशीनवरून किती नवऱ्या मांडवात जाऊन बसल्या असतील, याचा हिशेब नाही. पाटाची कड, पाटाची वेल, मधे नाव. त्या एप्रिलमध्ये दिवा स्टेशनच्या पलीकडच्या एका गावातले आगरी काका टेम्पो घेऊन आले. चार भावांच्या चार मुली, चौघींची लग्नं एकाच मांडवात. म्हणजे आठ पाट. लाकूड त्यांनी स्वतःच आणलं होतं. अंगणातलं शिवणीचं झाड इमारतीच्या कामात काढावं लागलं, त्याच्या फळ्या. शिवण म्हणजे फिकट पिवळसर, मऊ, कोरायला गुणी लाकूड. चारी पोरी त्याच झाडाखाली खेळल्या, म्हणून पाट त्याचेच हवेत, आणि लाकूड आठ पाटांपुरतंच होतं.

"संबालून कर गो पोरी," ते म्हणाले. "दुसरा झाड नाय."

मी मान हलवली आणि पहिलाच पाट बिघडवला.

फळी किंचित वाकलेली होती, वाळताना लाकूड वाकतंच. मी ती चारी बाजूंनी क्लॅम्प आवळून बेडवर सपाट केली. दोन तास मशीन चाललं, नक्षी देखणी आली. क्लॅम्प सोडले आणि माझ्या डोळ्यांदेखत फळी परत आपल्या आकारात गेली. वेल एका कोपऱ्यात खोल, दुसऱ्या कोपऱ्यात जेमतेम खरवडल्यासारखी. सपकाळे काकांनी पाट उचलला, डोळ्यासमोर आडवा धरून बघितला आणि खाली ठेवला.

"तू दाबलंस म्हणून ते सरळ झालं होतं," ते म्हणाले. "सोडलंस की ते त्याचं त्याचं झालं. जिथं ते अधांतरी आहे, तिथं खालून टेकू दे. मग वरून बोटभर दाब पुरतो."

ते खाली बसले. लाकडाच्या पातळ पाचरी तासून फळीच्या पोटाखाली, जिथं उजेड दिसत होता तिथं तिथं, हलकेच सरकवत गेले. जोरात नाही. पाचर लाकडाला नुसती लागली की थांबायची, उचलायची नाही. मग बोटाच्या पेरानं फळीवर टकटक करायचं. पोकळ आवाज आला तर अजून कुठंतरी हवा आहे. भरीव आवाज आला की झालं. आता माझ्याकडं दोघी जणी काम शिकायला येतात, त्यांनाही मी आधी हेच शिकवते. दाबून बघू नका, ठोकून ऐका. त्या कंटाळतात, मीही कंटाळले होते.

दुसरी चूक त्याहून थोर. पाट बरोबर जागेवर बसावा म्हणून मी जिगमध्ये दोन खुंट्या ठोकल्या होत्या, बरोबर समोरासमोर, एकसारख्या. ड्रॉइंग ऑफिसात वीस वर्षं काढलेल्या बाईला एकसारखेपणाचं फार कौतुक असतं. पण त्यामुळं पाट सुलटा बसायचा तसाच उलटाही बसायचा. वेल आधी कोरून झाली होती, मग पाट काढून घासला आणि नाव कोरायला परत ठेवला, तो उलटा. वेलीतला कलश इकडं तोंड करून, नवरदेवाचं नाव तिकडं. आगरी काका नेमके त्याच वेळी बघायला आले. त्यांनी पाट एकदा असा फिरवला, एकदा तसा.

"आगो, नवरा काय डोक्याव उबा ऱ्हानार हाय?"

गाळ्यात सगळे हसले, तेही हसले, मी मात्र रडायच्या बेतात होते. दोन्ही पाट आम्ही पालथे घालून दुसऱ्या अंगानं कोरले, म्हणून लाकूड वाचलं. त्यानंतर सपकाळे काकांनी जिगमध्ये तिसरी खुंटी ठोकली, मुद्दाम एका बाजूला, मधोमध नाही. आता पाट एकाच बाजूनं बसणार. उलटा ठेवायला गेलात तर तो बसतच नाही.

"चूक करायची जागाच ठेवायची नाही," काका म्हणाले. मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते घरी घेऊन गेले.

घरी आई होती. त्या आधीच्या थंडीत तिला पॅरालिसिसचा झटका आला होता. डावी बाजू गेली. पाय हळूहळू परतला, जरा ओढत का होईना पण परतला. हात नाही परतला. तो मांडीवर पडून असायचा आणि आई त्याला उजव्या हातानं उचलून दुसरीकडं ठेवायची, वाटेत आलेली उशी ठेवावी तसा. आई सरकारी दवाखान्यात वॉर्डात कामाला होती. तीस वर्षं तिनं लोकांना उठवलं, बसवलं, कुशीवर वळवलं. निवृत्तीनंतर सगळा जीव स्वयंपाकघरात लावला होता. आता ती खिडकीपाशी खुर्चीत बसायची, आणि काही म्हटलं की एकच उत्तर.

"एका हातानं काय होतं गं?"

मला त्या उत्तराचा राग यायचा. मी तिला व्यायामाचं वेळापत्रक करून भिंतीला लावलं होतं. सकाळी सात, अकरा, चार. चेंडू दाबायचा, काठी धरायची, बोटं एकेक उघडायची. दिव्याहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. तिच्याकडं पाणी सकाळी अवेळी यायचं, त्यामुळं तिला उशीर व्हायचा, आणि मी तिच्यावरही डाफरायचे. ती एकदा म्हणाली, "ताई, थोडं त्यांच्या कलानं घ्या." मी तिला वेळापत्रक दाखवलं.

त्यातच मार्चमध्ये आईनं एकदा दूध उतरवायला जाऊन पातेलं कलंडवलं. पायावर फोड आले. मी फार घाबरले, आणि घाबरले की मी व्यवस्था लावते. रोज सकाळी निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढून पर्समध्ये टाकायला लागले. सुऱ्या वरच्या फळीवर. जेवण डब्यात, डबा खुर्चीशेजारी स्टुलावर, पाण्याची बाटली बूच सैल करून. आईला यातलं काही बोलले नाही. तिला कळणारही नाही, असं वाटलं.

त्या दिवशी घरी गेले आणि आईला तिसऱ्या खुंटीची गंमत सांगितली. नवरा डोक्यावर उभा राहिल्याचं सांगितलं. ती हसली, बऱ्याच दिवसांनी. मी चेकाळून पुढं म्हणाले, "आता चूक करायची जागाच ठेवली नाही आम्ही."

आई हसायची थांबली.

"मला पण नाही ठेवलीस," ती म्हणाली.

पर्स माझ्या खांद्यालाच होती.

"मी दुपारी उठून ओट्यापाशी जाते. नॉब फिरवते. पहिल्या दिवशी वाटलं, सिलिंडर संपला. मग खाली वाकून बघितलं." ती रागावली नव्हती, तेच मला जास्त लागलं. "रोज जाते गं. बघते, आज तरी ठेवलायस का."

महिनाभर ती रोज दुपारी उठून बघत होती, आणि महिनाभर मी तो रेग्युलेटर घेऊन गाळ्यात बसून लाकडाला नीट धरायचं कसं ते शिकत होते. मला माझी लाज वाटली. आजही वाटते. माझं चुकलं, असं त्या वेळी तोंडातून निघालं नाही, मी नुसतं उठून रेग्युलेटर लावला. लाकूड उलटं बसू नये ही लाकडाची गरज असते, माणसाची गरज वेगळी असते, एवढं साधं मला कुणी नकाशावर काढून दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून रेग्युलेटर जागेवर राहायला लागला. पण आई उठली नाही. आता ती ओट्यापाशी जाईचना. इतके दिवस दार बंद होतं म्हणून ती ढकलून बघत होती. उघडल्यावर तिच्या लक्षात आलं की आत जाऊन करायचं काय, हा प्रश्न खराच आहे. खुर्ची, खिडकी, मांडीवरचा हात. मे महिना लागला होता. खालच्या मजल्यावरून मेतकूट भाजल्याचा वास यायचा, कुणाच्या गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या पडायच्या, आणि आमच्या घरात दुपारी फक्त पंखा ऐकू यायचा. मला भीती वाटायला लागली की आई अशीच राहील. जिवंत, सुरक्षित, आणि खिडकीपाशी.

मग माझ्या डोक्यात आलं, मशीनला एकच हात आहे, आईलाही एकच हात आहे. मशीनला बैठक करून देते, तर आईला का नाही?

मी घरातली परात, पोळपाट, पातेली सगळ्यांची मापं घेतली. तीन संध्याकाळ कॉम्प्युटरवर बसले. प्लायवूडचा एक भला मोठा तक्ता केला, जेवणाच्या टेबलाला स्क्रूनं आवळायचा. त्यावर पोळपाट धरायला चिमटे, परात धरायला चिमटे, भाजी टोचून ठेवायला खिळे. मशीनवर कापला, पॉलिश केलं, घरी आणून टेबलाला बसवला आणि आईला खुर्चीसकट पुढं ओढलं.

आईनं त्याच्याकडं बघितलं. एक चिमटा दाबून बघितला. तो दाबायलाच दोन हात लागत होते.

"मला मशीनला लावलंस का गं?" ती म्हणाली आणि खुर्ची मागं घेण्यासाठी पायानं जमीन ढकलायला लागली.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं. मला वाटलं, ते चिमट्यात सुधारणा सुचवतील. ते चष्मा पुसत बसले.

"वहिनींना विचारलंस का, काय धरायचंय?"

नव्हतं विचारलं. आठ पाटांच्या प्रत्येक फळीखाली कुठं उजेड दिसतो ते मी वाकून वाकून बघितलं होतं, आणि आईला एक प्रश्न विचारला नव्हता.

त्या संध्याकाळी विचारलं. "आई, स्वयंपाक करताना तुझा डावा हात काय करायचा गं?"

"म्हणजे काय? धरायचा."

"काय धरायचा?"

ती विचारात पडली. आपलाच हात इतकी वर्षं काय करत होता, हे तिलाही सांगता येईना. मग तिनं डोळे मिटले आणि उजव्या हातानं हवेत भाकरी थापायला सुरुवात केली. थप, थप, थप. हात जरा तिरका पडत होता, दर थापेला थोडा पुढं सरकत. बराच वेळ थापत राहिली.

"भाकरी नाही धरायची," ती डोळे न उघडता म्हणाली. "भाकरी धरली तर तुटते. ती थापेसरशी आपली आपण फिरते. डावा हात नुसता परातीला असायचा, ती पळू नये म्हणून." मग डोळे उघडून म्हणाली, "परात तेवढी हलू देऊ नकोस. बाकी मी बघेन."

मी लगेच मनात नकाशा काढला. एक जाड फळी, मधे परातीच्या मापाचं गोल कोंदण, आणि पुढच्या काठाला खाली वाकलेली एक पट्टी, ओट्याच्या कडेला अडकणारी. आई जेवढा जोर लावेल तेवढी ती पट्टी कड घट्ट पकडेल. टेबल नको, स्क्रू नको. आई उभं राहूनच भाकऱ्या करायची, कमरेनं ओट्याला टेकून. ही गोष्टसुद्धा मला तेव्हाच आठवली.

पण दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारी आमच्या गाळ्यांना वीज नसते. ज्यांनी एमआयडीसीतला शुक्रवार पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. झाकणांचं मशीन बंद, कोटिंगची भट्टी बंद, पंखे बंद. इतकं शांत की पावडर कोटिंगवाल्याचा रेडिओ तीन गाळे पलीकडं ऐकू येतो, आणि वर पत्रा टक् टक् करत असतो. काका मुद्दाम शुक्रवार निवडून यायचे. म्हणायचे, हाताचं काम याच दिवशी होतं.

मी परात बरोबर नेली होती. वर्तकनगरपासूनची जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची परात, बुडाच्या कडेला पोचे पडलेली. तिचा व्यास मी चार ठिकाणी मोजला आणि चार वेगवेगळे आकडे आले. मी वैतागले. कोंदण गोल कापू तरी कसं?

"बाय, भांडं गोल नसतं, वापरलेलं असतं," काका म्हणाले. त्यांनी परात फळीवर सुलटी ठेवली आणि खिशातली पेन्सिल काढून तिच्या बुडाच्या कडेकडेनं रेघ ओढली. पोचा आला तिथं रेघ आत गेली. पोचा संपला, बाहेर आली. "आता ही जशी आहे तशी बसू दे."

दिवसभर पटाशीनं कोरत बसलो. आधी त्यांनी, मग मी, मग पुन्हा त्यांनी. शिवणीचंच लाकूड होतं, आगरी काकांचे आठ पाट झाल्यावर उरलेला, नवव्या पाटाला न पुरणारा तुकडा, तो त्यांनी माझ्याकडं राहू दिला होता. माझी बोटं सोलवटली. नकाशात सरळ दिसणारी रेघ हातानं कोरताना किती वेळा मन बदलते, हे मला त्या दिवशी कळलं. कोंदणाच्या आतून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली, म्हणजे परात नुसती टेकली तरी धरली जाईल. दाब नको. शेवटी काकांनी परात ठेवली आणि कडेवर बोटाच्या पेरानं ठोकलं. भरीव आवाज आला. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. शाबासकीचं माप त्यांच्याकडं एवढंच.

ऊन उतरायच्या आत घरी गेले. ती फळी ओट्यावर ठेवली, पट्टी कडेला अडकवली, परात बसवली आणि पिठाचा डबा शेजारी ठेवून बाजूला झाले. आई खुर्चीतून बघत होती. मग भिंतीचा आधार घेत, पाय ओढत, ती ओट्याशी आली. परातीला उजव्या हातानं एक धक्का दिला. परात हलली नाही. अजून एक, जोरात. नाही हलली.

"पाणी तापव," ती म्हणाली.

तांदळाचं पीठ तिनं एका हातानं मळलं. मळताना डावा हात अंगाशी लोंबत होता. तिनं तो उचलून ओट्यावर परातीशेजारी ठेवला, नुसता. गोळा केला. पीठ भुरभुरलं आणि पहिली थाप मारली.

मी तिच्या डाव्या अंगाला उभी होते. माझ्याही नकळत माझा हात परातीच्या कडेवर गेला होता, घट्ट. कोंदण आहे, रबर आहे, पट्टी आहे, तरी वर माझा हात. आईनं थापणं थांबवलं आणि पिठाच्या हातानं माझ्या मनगटावर एक चापट मारली.

"हात काढ."

"अगं, मी नुसता..."

"रंजू, हात काढ."

मी हात काढला. आयुष्यात इतकं अवघड काम मी क्वचित केलं असेल. दोन पावलं मागं सरकून दाराच्या चौकटीला टेकले, आणि हात पाठीमागं बांधले, कारण नाहीतर ते परत गेले असते.

थप, थप, थप. आधी काहीच झालं नाही, गोळा नुसता चपटा होत गेला. एका बाजूला चीर पडली. आईनं ती ओल्या बोटानं सांधली. पुन्हा थाप, जरा तिरकी. आणि भाकरी फिरली. अगदी थोडी. मग पुढच्या थापेला आणखी थोडी. परात जागच्या जागी, आणि तिच्यात ती पांढरी चकती हळूहळू फिरत मोठी होत होती, कुणीही न धरता. आईचे ओठ मिटलेले होते आणि नाकाच्या शेंड्यावर घाम होता.

उचलताना भाकरी मोडली. अर्धी तव्यावर पडली, अर्धी तव्याबाहेर. मी चौकट सोडली नाही. दुसरी मोडली. तिसरी तिनं लहान केली, तळहाताएवढी, आणि एका झोकात तव्यावर टाकली. ती कशीबशी, पण अख्खी पडली. उलटताना एका बाजूनं जळाली. आईनं ती ताटलीत घालून माझ्यासमोर धरली आणि मी खाताना माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"कशी झालीय?"

खोटं बोलायचं अगदी जिभेवर आलं होतं. छान झालीय, आई. पण मग तिची चूक मी पुन्हा काढून पर्समध्ये घातली असती.

"जळलीय," मी म्हणाले. "आणि मधे कच्ची आहे."

आईनं तव्याकडं बघितलं, परातीकडं बघितलं, पिठाचा हात पदराला पुसला.

"उद्या बघ," ती म्हणाली.

झटका आल्यापासून उद्याचं काही तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी मान खाली घातली आणि ती कच्ची भाकरी सगळी संपवली.